समोरच दिसतंय की!

जुलैत आमच्या बेळगावात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. नेमका तेव्हाच परदेशातल्या भाच्याचा फोन आला. "मामा, सेशेल्सला या की ओ! चौघांत शिडाची होडी घेऊया भाड्यानं. तिकडं आता हवा कोरडी असते."

कोरडी असते, खरंय. पण मे ते ऑक्टोबर हिंदी महासागरातल्या त्या बेटांवर आग्नेयेचा वारा असतो आणि जुलै-ऑगस्टात तो ऐन भरात येतो, हे त्यानं गिळलं. मी समुद्रापासून सुमारे ७५० मीटर उंचावर वाढलेला माणूस. पाण्याचा अनुभव म्हणजे किल्ल्याचा तलाव, तोही काठावरून.

तिथल्या प्रालँ बेटावरून ला डीग बेट समोर दिसतं. सहा-सात किलोमीटर, म्हणजे शहापुरातून हिंडलग्याला जावं तेवढं. फेरीबोट पंधरा मिनिटांत सोडते. पण ला डीग पूर्व-आग्नेयेला, वाराही साधारण तिकडूनच. आणि शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जातच नाही. आधी पंचेचाळीस अंश डावीकडं, मग तेवढंच उजवीकडं. अगदी चोर्ला घाट. फरक एवढाच, की घाटात वळणागणिक माणूस वर चढतो, इथं वळणागणिक मी खाली पडत होतो. वर शिडाखालचा आडवा दांडा फर्रकन या अंगाचा त्या अंगाला जायचा. "मामा, डोस्कं!" बेट समोरच होतं. तासाभरानंही समोरच होतं. एकच फेरीबोट आम्हाला तीनदा भेटली; तिसऱ्या खेपेला तिच्यातल्या लोकांनी ओळखीचा हात हलवला.

होडीतली शेगडी तेवढी पाळण्यासारखी टांगलेली. होडी कितीही कलली तरी ती आपली सपाट. त्या घरात ताठ मानेनं वागणारी ती एकटीच. मी आलेपाक चघळत तिच्याकडं आदरानं बघत बसलो. संडासाबद्दल फार बोलत नाही. दांडा वर-खाली करून समुद्राचं पाणी ओढायचं आणि सगळं बाहेर ढकलायचं, वीस वेळा. पोट साफ होण्याआधी दंड भरून येत.

खरी मजा गोड्या पाण्याची. टाकी ३०० लिटरची, माणसं चार, दिवस पाच. भाच्यानं पहिल्याच संध्याकाळी आमच्या हिला पाणी वाचवण्यावर व्याख्यान दिलं. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी नुसता गोड्या पाण्याचा हात. हिनं शांतपणे ऐकलं आणि बोलता बोलता त्यानं सोडून ठेवलेला नळ बंद केला. ज्या बाईनं चार-चार दिवसांच्या नळावर तीस वर्षं संसार रेटला, तिला हा शिकवणार! तांदळाच्या धुवणात ताटं विसळली गेली. आंघोळीला भाचा "एक मिनिट शॉवर" म्हणायचा, ही "दोन तांबे" म्हणायची. दोन तांबेच मिळाले. होडी परत करताना धक्क्यावरच्या माणसानं टाकीचा काटा बघितला, तो अर्ध्यावर. काटा अडकलाय समजून त्यानं बोटानं दोनदा टकटक केली.

"रिकामी करून द्यायची असते काय ओ?" हिनं मला काळजीनं विचारलं.

घरी पोचलो रात्री दोनला. पलंग अजून डावीकडं-उजवीकडं करत होता. पहाटे पाचला शेजारच्या काकूंची हाक आली, "वैनी, पाणी आलंय गे!" ही ताडकन उठली. मी घागर उचलून मागं धावलो, आणि दारातून बाहेर पडताना डोस्कं खाली घातलं.