‘घरी बसून भक्ती’ या कमेंटला सविस्तर उत्तर

काका, जय ख्रिस्त. (तुम्ही लिहिलंय की मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (ज्येष्ठ कारभारी) म्हणून बरीच वर्षं काम बघताय, म्हणून काका म्हणतोय, चालेल ना?) कमेंट चांगली झणझणीत आहे, तिच्याखाली नुसतं "देव आशीर्वाद देवो" टाकून सटकणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहायला बसलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की रविवारी सगळ्यांत वरच्या पट्टीत गाणारा माणूस सोमवार ते शनिवार देवाशी चकार शब्द बोलत नसेल तर त्या गाण्यात काही राम नाही (हो, आम्ही ख्रिस्ती पण असंच म्हणतो). यावर काकांचे तीन आक्षेप. एक, आजची पोरं आधीच चर्चला येत नाहीत आणि मी खाजगी भक्तीचं बोलून त्यांच्या हातात ‘घरी बसून भक्ती’चं कोलीत दिलं. दोन, छापील प्रार्थना म्हणणाऱ्यांना मी ढोंगी ठरवलं. तीन, "मनापासून" म्हणजे नक्की काय, मन तर रोज बदलतं, मग ज्या दिवशी मन नसेल त्या दिवशी काय सुट्टी?

तिसरा प्रश्न सगळ्यांत भारी आहे, पण आधी पोरांचं बघू. मी कुठेही "चर्च सोडा" म्हटलेलं नाही, आणि इब्री लोकांस पत्रातलं दहाव्या अध्यायातलं वचन, एकत्र जमणं सोडू नका, ते मलाही पाठ आहे. पण काका, येणारी पोरं का येतात ते कधी विचारलंय का? बरीचशी आई ओरडते म्हणून येतात. आई ओरडायची थांबली, किंवा पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली, की संपलं. ब्लॉग वाचून कोणी चर्च सोडत नाही हो, आत काही रुजलेलंच नसतं म्हणून सुटतं.

आता पंडिता रमाबाईंचंच बघा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिनबरोबर पुढे किती पत्रापत्री आणि वादावादी, कारण बाई अशा की कोणी सांगितलं म्हणून डोळे झाकून मान्य करायच्या नाहीत. मग भारतात आल्या, 1889 मध्ये शारदा सदन काढलं, विधवांसाठी राबल्या. म्हणजे बाहेरून बघितलं तर ख्रिस्ती जीवनात काही कमी नव्हतं. आणि तरी नंतर स्वतःच्या साक्षीत त्या सरळ कबूल करतात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं गेल्यावरची ही गोष्ट! एवढी विदुषी, एवढं काम, आणि हे असं लिहायला केवढं धाडस लागलं असेल. मी लेखात जे म्हणत होतो ते हेच, फक्त रमाबाईंनी ते स्वतःबद्दल म्हटलं.

आणि ख्रिस्त सापडल्यावर त्या काही खोलीचं दार लावून बसल्या नाहीत. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळात वाचवलेल्या मुली, विहिरी, शेती, छापखाना. 1905 मध्ये तिथे जे संजीवन (म्हणजे भक्तीची नवी लाट) झालं त्यात मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करायच्या, रडायच्या. तो गोंगाट तुम्हाला आवडला असता का माहीत नाही, मलाही शांत उपासनाच बरी वाटते, पण खाजगी भक्ती माणसाला मंडळीतून उठवते हा तुमचा मुद्दा केडगावात तरी टिकत नाही.

छापील प्रार्थनांचं. इथे तुम्ही मी न लिहिलेलं वाचलंय. माझी आजी तांदूळ निवडता निवडता प्रभूची प्रार्थना म्हणायची, शब्द रोज तेच, आणि ती संपली की त्याच सुरात पुढे नावं सुरू व्हायची, त्यात नळावर जिच्याशी सकाळी कडाक्याचं भांडण झालेलं ती शेजारीण पण असायची, "प्रभू, तिचं भलं कर, आणि मला तिच्याशी बोलायला लाव". मग मधेच सुपातला खडा बाजूला टाकायची. त्या पाठ प्रार्थनेला मी ढोंग म्हणेन? अहो, खुद्द येशूने वधस्तंभावर जी आरोळी मारली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास", ती बायबलमधल्या 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. लूकने दिलेले शेवटचे शब्द, आत्मा तुझ्या हाती सोपवतो, ते 31व्या स्तोत्रातले. मरताना, सगळ्यांत एकटं असताना, त्याने लहानपणापासून म्हटलेलेच शब्द उचलले. म्हणजे शब्द उसने असले तरी आकांत स्वतःचा असू शकतो.

आता "मनापासून". तुम्ही याचा अर्थ मन भरून येणं, डोळ्यात पाणी असा घेतलाय. मी तसं धरत नाही, कारण मग गिटार आणि मंद लाईट लावले की कोणाचंही मन भरून येतं. हन्नाची गोष्ट परत एकदा वाचा ना, 1 शमुवेल पहिला अध्याय. दरवर्षीची शिलोची यात्रा, नवरा, सवत, सवतीची पोरं, यज्ञ, जेवण, सगळा गोतावळा. सवत पनिन्ना मूल नाही म्हणून टोमणे मारतेय, नवरा अलकाना म्हणतोय मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का (बिचारा! पुरुषांना हे असंच सुचतं). ती उठते आणि कुठे जाते? रानात नाही, मंदिरातच जाते. ओठ हलतायत, आवाज नाही. आणि दाराच्या खांबापाशी बसलेला याजक एली, ज्याचा जन्म प्रार्थना बघण्यात गेला, त्याला वाटतं बाई दारू प्यालीय! ती म्हणते नाही स्वामी, मी माझं मन परमेश्वरापुढे ओतलंय. काय ओतलं? दुःख आणि चीड, जे होतं ते. त्यानंतर ती जाऊन जेवते, चेहरा उतरलेला राहत नाही, आणि तेव्हा मूल व्हायचंच आहे अजून.

तर मन नसेल त्या दिवशी "मन नाही" हेच देवाला सांगायचं. 88वं स्तोत्र बघा, शेवटची ओळसुद्धा अंधारातच संपते, कुठे "पण तरी मी तुझी स्तुती करीन" नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. सुट्टी नाही काका, उलट त्या दिवशी खोटं बोलायचं नाही एवढंच.

एका गोष्टीत मी तुमच्याच बाजूने आहे. नुसत्या एकांतात माणूस स्वतःशीच बोलत बसण्याचा धोका असतो, कोणी टोकणारं नसतं. मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा म्हटलंय, आता भाऊच नसेल आसपास तर समेट कोणाशी करणार? युट्यूबवरची उपासना आजाऱ्याला ठीक, धडधाकट माणसाने पलंगावर लोळत बघणं मलाही पटत नाही.

तुमच्या तरुण मंडळाला एकदा एवढंच करून बघायला सांगा, घरून प्रत्येकाने आठवडाभर एकच स्तोत्र वाचून यायचं आणि रविवारी त्यातली कुठली ओळ म्हणवत नव्हती ते सांगायचं, आवडली ती नको. पुढचा लेख 88व्या स्तोत्रावरच लिहितोय, तिथेही या भांडायला.