दोष एकट्या इंजेक्शनचा नाही
हाडांच्या ठिसूळपणावरच्या झोलेड्रॉनिक ॲसिडच्या इंजेक्शनमुळे जबड्याचं हाड मरतं, एवढंच लेखात आलंय. ही अर्धीच गोष्ट झाली. तेच औषध मांडीच्या हाडातही जातं, पण तिथलं हाड असं उघडं पडून कुजत नाही. जबड्यावर हिरडीचं आवरण पातळ असतं, आणि किडक्या दाताच्या मुळाशी साठलेला पू थेट हाडाला भिडलेला. औषधाने हाडाची डागडुजी आधीच मंदावलेली, त्यात असा दात काढला की कधीकधी जखम भरतच नाही. हाड ८ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं की डॉक्टरांना औषधामुळे हाड मेल्याची शंका येते. एकोणिसाव्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसने कामगारांचे जबडे सडायचे, तिथेही किडक्या दातवाल्यांना धोका जास्त मानत.

पण लेख वाचून कुणी आईचं इंजेक्शन परस्पर बंद करू नका! कॅन्सरमध्येही हेच औषध देतात, तिथे डोस मोठा, म्हणून धोकाही जास्त. नुसत्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत हे फार क्वचित होतं, ठिसूळपणामुळे खुब्याचं हाड मोडणं मात्र नेहमीचं. सुरू करण्याआधी दात-हिरड्या तपासून घ्या, काढायचे ते दात आधीच काढा. आमच्याकडे हे हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही, दंतवैद्यानेही कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं नाही.