दोन खुळं एका घरात कशी नांदवावीत

अभिनंदन. तुम्हाला बेसबॉल आवडतो आणि अंतराळयानांच्या गोष्टीही आवडतात. म्हणजे चारचौघांत अपमान करून घ्यायला तुमच्याकडे एक सोडून दोन कारणं आहेत. मी ही दोन खुळं बरीच वर्षं एका घरात नांदवते आहे. गेल्या दिवाळीत त्यांचा जो काही उद्धार झाला तो ऐकून घरी आले आणि वाटलं, आपला अनुभव नव्या मंडळींच्या कामी यावा. तेव्हा लिहून घ्या.

सगळ्यात आधी, कुणाला सांगू नका. नारळीकरांचंच बघा ना. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहून काढायला दिली पत्नी मंगलाताईंकडे. बक्षीस पहिलं मिळालं. आता त्यांचं कारण वेगळं होतं, नाव बघून कुणी झुकतं माप देऊ नये एवढंच. पण आपण आपल्या सोयीचा अर्थ घ्यायचा. केंब्रिज गाजवून आलेला माणूस अंतराळाची गोष्ट वेषांतर करून पाठवतो, तिथे तुम्ही-आम्ही कोण?

कळलंच कुणाला, तर पहिला प्रश्न येईल तो असा: ‘नवऱ्यामुळे लागलं वाटतं?’ हो म्हणा. जळगावला शाळेत सॉफ्टबॉलच्या टीममध्ये होते, ऊन मी म्हणायचं आणि मी कॅचरचं, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखं, सगळं चिलखत चढवून उकिडवी बसायचे, इकडे अमेरिकेत आल्यावर नवऱ्याला स्ट्राइक म्हणजे काय ते मी शिकवलं, असलं काही सांगत बसू नका. समोरच्याचा चेहरा पडतो. ‘हो ना, ह्यांच्यामुळेच’ म्हणा, आणि कोशिंबीर वाढायला घ्या.

दुसऱ्या बाजूची काळजीही घ्या. अंतराळवाल्या मित्रांसमोर बेसबॉलचा ब सुद्धा काढू नका. ही माणसं फार हुशार असतात. प्रकाशाहून वेगात जाणारं इंजिन कसं चालेल यावर तीन तास भांडतील, न अस्तित्वात असलेल्या भाषेचं व्याकरण शिकतील, पण ‘फुल काउंट’, म्हणजे आणखी एक चेंडू हुकला की बॅटर बाद, एवढं म्हटलं की लगेच ‘आम्हाला बाई खेळातलं काही कळत नाही’ असं मोठ्या अभिमानाने सांगतील. त्यांना विचारू नका की ‘डीप स्पेस नाईन’ या स्टार ट्रेक मालिकेतल्या कमांडर सिस्कोच्या टेबलावर सात वर्षं जो पांढरा चेंडू होता तो कशाचा होता. त्या मालिकेतल्या भविष्यात बेसबॉल मरून गेलेला आहे. शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या सीझनची अंतिम मालिका, २०४२ साली, बघायला जेमतेम तीनशे माणसं. आणि त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी तो गृहस्थ अंतराळस्थानकावर बसून चेंडू हातात फिरवतो आहे. १९९८ च्या एका भागात तो व्हल्कन या परग्रहावरच्या लोकांविरुद्ध टीमच उतरवतो. दहा विरुद्ध एक असे हरतात, आणि मग त्या एका रनवरून रात्रभर जल्लोष करतात. मी तो भाग बघून रडले होते. मित्र म्हणाले, ‘फिलर एपिसोड आहे, स्किप कर.’

इनफील्ड फ्लायचा नियम समजावून सांगा असं कुणी म्हटलं, तर फोन आल्याचं नाटक करा.

‘अंतराळात आवाज ऐकू येत नाही’ हे तुम्हाला दर सिनेमाला कुणीतरी सांगेल. नवीनच ऐकत असल्यासारखं दचका.

आता दोन्ही आवडी एकत्र आणून त्यांचं लग्न लावावं असा विचार मनात आला असेल, तर ह्यूस्टनची हकिकत ऐका. तिथल्या टीमचं नाव आधी पिस्तुलावरून होतं. नासा गावात आली तशी १९६५ साली ती झाली अ‍ॅस्ट्रोज. जगातलं पहिलं छप्परवालं मोठं स्टेडियम उभं राहिलं, अ‍ॅस्ट्रोडोम. मैदान साफ करणाऱ्या माणसांना अंतराळवीरांचे पोशाख चढवले. सगळं झकास. फक्त छपराच्या पारदर्शक तुकड्यांतून असा लखलखाट यायचा की दिवसा उंच उडालेला चेंडू कुणाला दिसेना. मग छपराला रंग फासला. मग ऊन येईना म्हणून गवत मेलं. मग पुढच्या वर्षी प्लास्टिकचं गवत अंथरलं. अंतराळयुग म्हणतात ते हेच. आणि पुढे याच टीमने २०१७ साली समोरच्या कॅचरच्या खुणा, म्हणजे पुढचा चेंडू कसला टाकायचा याचे इशारे, कॅमेऱ्याने चोरल्या. एवढं कॅमेरे, स्क्रीन वगैरे करून शेवटी आपल्या बॅटरला ती खूण कळवायची कशी? कचऱ्याचा डबा बडवून! पन्नास लाख डॉलर दंड झाला. तेव्हा लग्नाचा विचार सोडा. पत्रिका जुळत नाही.

(तरीही वाटतंच. मी बाल्टिमोरजवळ राहते. या गावाचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते ज्यूल व्हर्नच्या गोष्टीत, चंद्रावर तोफगोळा सोडणारा तो गन क्लब बाल्टिमोरचाच. पंधरा लाख किलोमीटरवरची वेब दुर्बीण आज जिथून चालवतात ती इमारत आणि आमचं कॅम्डन यार्ड्स स्टेडियम एकाच गावात आहेत. मला याचं अजून अप्रूप वाटतं. पण हे मी कंसात लिहिते आहे, यावरूनच काय ते समजा.)

टीम निवडताना हरणारी निवडा. म्हणजे लोक निदान कीव करतात. आमची ओरिओल्स शेवटची वर्ल्ड सिरीज खेळली १९८३ साली.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: सातवा, निर्णायक सामना असेल त्या रात्री कुणाच्या घरी फराळाला जाऊ नका.

मी गेले. १ नोव्हेंबर २०२५, शनिवार. दिवाळी होऊन दहा-अकरा दिवस झालेले, पण इथे लक्ष्मी शनिवार-रविवार बघून येते. आमची टीम अर्थातच नव्हती, ती आपल्या गटात तळाला जाऊन कधीच घरी बसली होती. टोरंटोला तिथले ब्लू जेज विरुद्ध लॉस एंजेलिसचे डॉजर्स, जिंकलेले सामने तीन-तीन. मी संध्याकाळभर शहाण्यासारखी वागले. शंकरपाळ्यांचं कौतुक केलं, कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम झालं ते अल्बमसकट बघितलं, चकल्या खुसखुशीत कशा राहतात यावर मत दिलं. अकरा वाजून गेले तेव्हा आम्ही निघालो. निघालो म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. सगळे कोट घालून दारात उभे, एक पाय बुटात, हातात चिवड्याचा डबा, आणि कुणीही निघत नाही. मी चपलांच्या रॅकला टेकून फोन काढला. नवव्या, शेवटच्या इनिंगची वरची बाजू, म्हणजे पाहुण्या डॉजर्सची बॅटिंग, एक आउट, ब्लू जेज चार-तीनने पुढे. आणखी दोन आउट की १९९३ नंतर पहिल्यांदा कप टोरंटोला. बॅटिंगला मिगेल रोहास. छत्तीस वर्षांचा, फील्डिंगसाठी ठेवलेला माणूस. फुल काउंट.

‘वहिनी! अहो हे बघता तुम्ही?’

घराचे मालक. बावीस वर्षं इथे आहेत, स्टेडियम त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर, एकदाही गेलेले नाहीत. मी हसले. हसणं ही चूक. त्यांनी दोन बोटांनी माझा फोन, माझ्या हातातला, हळूच खाली वळवला. प्रेमाने. लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तसा.

‘ग्लोव्ह घालून काय हो, आमच्या शाळेतली पोरंही कॅच घेतील.’

हे पहिलं वाक्य असतं. कायम. मग दुसरं आलं, ‘वर्ल्ड सिरीज म्हणे, आणि खेळतो कोण, एकटी अमेरिका!’ सामना कॅनडात चालला होता. बॅट व्हेनेझुएलाच्या माणसाच्या हातात होती. ज्याने शेवटी सामना संपवला तो यामामोतो जपानचा, आदल्या रात्री शहाण्णव चेंडू टाकून पुन्हा दुसऱ्या रात्री उभा राहिलेला. ज्याच्या बॅटवर तो संपला तो कर्क मेक्सिकोतल्या तिहुआनाचा. पण मी ‘हं’ म्हटलं. मग क्रिकेटचं तंत्र. मग सचिन. मग ‘क्रिकेटची नक्कल आहे हो सगळी’. माझ्या जिभेवर आलं होतं की बेसबॉलचा तो आकड्यांचा बॉक्स स्कोअर रुजवणारा हेन्री चॅडविक मुळात क्रिकेटचाच वार्ताहर, इंग्लंडात एक्सिटरला जन्मलेला. पहिल्या उघड व्यावसायिक टीमचा, १८६९ च्या सिनसिनाटीचा, कप्तान हॅरी रायट हा शेफील्डच्या क्रिकेटपटूचा मुलगा. आणि पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना झाला तो १८४४ मध्ये न्यूयॉर्कात, अमेरिका विरुद्ध कॅनडा. म्हणजे नातं आहे, भावजी, चांगलं सख्खं नातं आहे, बसून बोललो तर रात्र पुरणार नाही! पण त्यांना बोलायचं नव्हतं. त्यांना सांगायचं होतं. शेजारी वहिनी उभ्या होत्या, त्यांनी भर घातली, ‘आणि हिला ते यानाबिनाच्या गोष्टी पण आवडतात ना, लहान मुलांच्या?’ झालं. भावजींना नवं इंधन मिळालं. ‘त्यापेक्षा चांद्रयानाचं वाचा, खरं तरी आहे. आणि आपल्याकडे पुष्पक विमान होतंच की.’

फोन माझ्या मांडीशी उलटा होता. तो थरथरला. एकदा, मग पुन्हा, मग सलग. मला कळलं. तुम्ही चाहते असाल तर तुम्हालाही कळलं असेल.

रोहासने डाव्या कुंपणाबाहेर मारला होता. चार-चार. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगला, हरायला दोन आउट उरलेले असताना. असा क्षण आयुष्यात किती वेळा येतो? तो मी बघितला नाही. बेसबॉलमध्ये काहीच घडत नाही हे मला समजावून सांगितलं जात होतं, म्हणून बघितला नाही.

उरलेला सामना गाडीत, फोनच्या पडद्यावर. अकराव्या इनिंगला डॉजर्सच्या विल स्मिथचा होम रन, मग कर्कची मोडलेली बॅट, डबल प्ले, म्हणजे एका चेंडूवर दोघे आउट, डॉजर्स पाच-चारने जिंकले. नवरा गाडी चालवत होता आणि मी त्याला ओरडून सांगत होते. मागे पोरगं झोपलेलं. रोहासचा तो फटका मी नंतर चाळीस वेळा तरी बघितला असेल. शिळा भात फोडणीला टाकला की छान लागतो, पण तो ताजा भात नव्हे.

तर सूचना अशी की अशा वेळी हसतमुख राहा, पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या आणि...

नाही. पुरे झालं.

एक गोष्ट राहिली सांगायची. निघता निघता, क्रिकेटवर पंचवीस मिनिटं ऐकून झाल्यावर, मी त्यांना विचारलं, ‘उद्या फायनल बघणार ना?’

‘कुठली फायनल?’

कुठली फायनल! दुसऱ्या दिवशी नवी मुंबईत, डी. वाय. पाटीलवर, भारताच्या मुली वर्ल्ड कपची फायनल खेळणार होत्या. बावन्न रनांनी जिंकल्या. आपल्या बायकांचा पहिला वर्ल्ड कप. आणि हा माणूस, ज्याच्या क्रिकेटप्रेमासाठी मी रोहास घालवला, ह्याला ती मॅच आहे हेच माहीत नव्हतं!

म्हणजे तुम्हाला क्रिकेटही आवडत नाही हो. तुम्हाला फक्त दुसऱ्याच्या हातातला फोन खाली करायला आवडतो. समोरचं माणूस कशाततरी रमलेलं दिसलं की तुमच्या पोटात दुखतं. मग ते पुस्तक असो, खेळ असो, नाहीतर दोनशे वर्षांनंतरचं कुठलं यान असो. तीन मिनिटं बघितलेलं नसतं, एक पान वाचलेलं नसतं, आणि मत मात्र तयार. विचारा ना कधीतरी, ‘वहिनी, काय चाललंय, कोण पुढे आहे?’ एवढं विचारलं असतं तर मी त्यांना रॅकपाशी उभं करून सगळं दाखवलं असतं, आणि तो चेंडू बाहेर गेला तेव्हा ते माझ्याहून मोठ्याने ओरडले असते, हे मला पक्कं माहीत आहे. नसेल विचारायचं तर नका विचारू. नाही आवडत तर नका बघू. पण गप्प बसा, आणि बोटं स्वतःच्या खिशात ठेवा.

चिवड्याचा डबा अजून माझ्याकडेच आहे. वहिनींचे दोन मेसेज येऊन गेले. देईन, एप्रिलमध्ये देईन, सीझन सुरू झाला की. कॅम्डन यार्ड्सच्या गेटपाशी येऊन घेऊन जा म्हणावं.