लाइफबोट आणि जातपंचायत

आपल्याकडे एखाद्या आंदोलनाला नावं ठेवायची तर ‘अराजक’ हा शब्द हाताशी असतोच. त्यासाठी दाखला देतात बाबासाहेबांचा. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी सत्याग्रह, असहकार यांना ‘अराजकाचे व्याकरण’ म्हटलं. पण ‘घटनात्मक मार्ग खुले असताना’ ही अट मात्र सोयीस्करपणे गळते.

प्योत्र क्रोपोटकिनच्या अराजकवादाचा, म्हणजे राज्यसंस्थेच्या हुकमाशिवाय लोक आपखुशीच्या सहकार्याने जगू शकतात या विचाराचा, या धुरळ्याशी फारसा संबंध नाही. हा रशियन सरदारपुत्र भूगोलतज्ज्ञ होता. फ्रान्सच्या तुरुंगातून सुटून १८८६ मध्ये इंग्लंडला आला आणि १९१७ पर्यंत इथेच राहिला. जीवशास्त्रज्ञ हक्स्लेच्या जीवनसंघर्षावरच्या लेखाला उत्तर म्हणून त्याने लेखमाला लिहिली. १९०२ मध्ये तिचंच ‘म्युच्युअल एड’ (परस्पर साहाय्य) हे पुस्तक झालं.

अशा सहकार्याचा त्याचा आवडता दाखला म्हणजे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी ब्रिटनची लाइफबोट संस्था. ती १८२४ मध्ये स्थापन झाली, देणग्यांवर चालते, आणि बोटीवरची बहुतेक माणसं स्वयंसेवक असतात. पेजर वाजला की सुतार रंधा टाकून धक्क्याकडे धावतो. मर्म हे की किनाऱ्यावरच्या खलाशांची माहिती आणि मर्जी यांशिवाय हे काम होतच नाही, हुकमाने तर नाहीच. १८५४ पासून संस्थेने सरकारी अनुदानही घेतलं होतं. ते १८६९ मध्ये थांबलं. इथे राहणाऱ्याला हे पाहून भुरळ पडते. मात्र आज बोट सुटते ती बहुधा सरकारी कोस्टगार्डच्या निरोपावर, हे क्रोपोटकिनच्या चाहत्यांनी गिळून टाकू नये.

खरी अडचण घरची आहे. परस्पर साहाय्य तर जातपंचायतही करते: लग्नाला उभी राहते, भांडण मिटवते. मग आंतरजातीय लग्न केलं म्हणून त्याच कुटुंबाला वाळीत टाकते. लाइफबोटीचं काम सोडणाऱ्याला शेजारी पाणी बंद करत नाहीत. पंचायतीची ही सत्ता मोडायला महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे बाहेर पडायचं दार उघडं ठेवायला शेवटी राज्यसंस्थाच लागली.

क्रोपोटकिनला हे सुचलंच नव्हतं असं नाही. जुन्या संस्थांचे बंध तोडणाऱ्या माणसाची बाजू त्याने मान्य केली, आणि पुस्तक सहकार्यापुरतं ठेवायचं म्हणून बाजूला सारली. गावाला ‘स्थानिकतेचं डबकं’ म्हणणाऱ्या बाबासाहेबांनी सुरुवातच या बंध तोडणाऱ्या माणसापासून केली होती.