आधी माळवदावरची माती, मग विसार

सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतला एक जुना वाडा विकायला निघालाय आणि आमच्या दत्त्याला तो घ्यायचाय. दगडी जोतं, मधे चौक, सागवानी खांब, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. पार्क चौकातल्या कट्ट्यावर काल दुसरा विषयच निघाला नाही.

"येडा झालास का बे?" बापू म्हणाला. "होटगी रोडला फ्लॅट बघ. लिफ्ट आहे, पार्किंग आहे. त्या बोळात तुझी गाडी तरी शिरंल का?"

"मे महिन्यात 42 डिग्रीला त्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर झोपून दाखव, मग बोलू," दत्त्या म्हणाला. त्याचं खरंच आहे. जाड दगडी भिंत आणि वर माती असलेल्या घरात भर दुपारी पाऊल टाकलं की फरक लगेच कळतो.

वकील मात्र भिंतींपर्यंत आलाच नाही. "मालमत्ता पत्रक काढलास का?" काढलं होतं, पण त्यावर अजून विकणाऱ्यांच्या आजोबांचंच नाव. "म्हणजे वारसनोंदच नाही. दोघं भाऊ सही द्यायला तयार आहेत म्हणतोस, बहिणींचं काय? 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. सगळ्यांच्या सह्या नाहीतर हक्कसोडपत्रं, तीही नोंदणी केलेली. आणि खालच्या खोलीतला भाडेकरू? वाडा विकला म्हणून तो उठत नाही, फक्त त्याचा मालक बदलतो."

यावर कुणाला वाद घालता आला नाही. मला काळजी होती ती वरच्या मातीची.

माळवद म्हणजे तुळया, त्यांवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, वर फळ्या आणि त्यांवर पांढरी माती. गळायला लागलं की पावसाळ्याआधी नवा थर टाकायचा, जुना कुणी काढायचं नाही. अशी पिढ्यान्पिढ्या माती चढत जाते आणि फूट-दोन फुटांवर पोचते. ते सगळं वजन ज्या भिंतींवर, त्या दिसतात जाड, पण असतात दोन पदरी: बाहेर एक दगडाचा थर, आत एक, मधे माती आणि कपची. दोन्ही पदर जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतोच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत माणसं मेली ती अशाच घरांखाली. लातूर जिल्ह्यातली गोष्ट आहे, तो हादरा सोलापूरनंही अनुभवलाय.

"म्हणजे पाडायचाच ना!" बापू खूश झाला.

मुळीच नाही. असला सागवान आणि असली दगडाची घडाई आज कुणाला परवडणार? माती उतरवायची, वर हलकं छत घालायचं. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून, सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर बांधले जातात. गिलावा चुन्याचाच हवा. सिमेंटनं ओल आत कोंडते आणि भिंत आतून खचते.

दत्त्या म्हणाला, "तुळया चांगल्या आहेत, मी ठोकून बघितल्या."

कुठं ठोकल्या? तर मधे. मधे सागवान खणखणीतच वाजणार. तुळई कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाला, कारण ओल तिथं मुरते आणि वाळवीही तिथूनच चढते. ओळखीच्या गवंड्यानं एका घरात टोकाशी पटाशी टेकवून नुसती दाबली होती, पातं मुठीपर्यंत आत गेलं आणि बाहेर भुसा आला. वरून रंग नवाकोरा होता.

बापूला अजून पटलेलं नाही. दुरुस्तीला विकत घेण्याइतकाच पैसा जाईल, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण दत्त्याला तिथं राहायचंय, पाडून गाळे काढायचे नाहीत, म्हणून मी त्याच्या बाजूनं आहे. रविवारी मी, दत्त्या, गवंडी आणि एक स्ट्रक्चरल इंजिनिअर असे वर चढून माती किती आहे ते खणून बघणार आहोत. वकील बहिणींचे पत्ते मिळवतोय. तोवर विसाराचा एक रुपयाही द्यायचा नाही, हे दत्त्याकडून कट्ट्यावरच कबूल करून घेतलंय.