‘स्वस्त’ या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

श्रीलंकेतल्या व्हिक्टोरिया गोल्फ मैदानावरच्या माझ्या लेखाखाली ‘खानापूरकर’ या नावानं तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. बायकोलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, “रागानं लिहिलंय, पण खोटं काही नाही त्यात.” म्हणून दोन ओळींत आभार मानून सोडून द्यावंसं वाटलं नाही.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी शीर्षकात ‘स्वस्तात मस्त’ लिहिलं आणि मैदानाची फी तेवढी सांगितली, बाकीचा खर्च गाळला, असं तुम्ही म्हणता. श्रीलंकेचा रुपया कोसळलाय म्हणून आपल्याला स्वस्त वाटतं, त्यात मिरवण्यासारखं काय, हा पुढचा प्रश्न. गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ, पाण्याची आणि जमिनीची नासाडी, हे त्यानंतर. आणि शेवटी, “बेळगावात मराठी पाटीसाठी भांडावं लागतंय आणि तुम्ही मराठीत गोल्फचे गोडवे गाताय.”

खर्चाबद्दल तुमचं बरोबर आहे. मी आकडा दिला तो नुसत्या मैदानाच्या फीचा. त्यावर कॅडीचे, म्हणजे सोबत बॅग उचलून चालणाऱ्या माणसाचे पैसे, भाड्यानं घेतलेल्या क्लबचे, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांचे पैसे, कँडी शहरातून जायची-यायची गाडी, चेंडू, पाणी, खेळून झाल्यावरचं जेवण हे सगळं धरलं तर माझा खर्च फीच्या जवळजवळ दुप्पट झाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 34 वर्षं लेथवर काम केलेल्या माणसानं एका मापावर काम पास करायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं. मूळ लेखात दुरुस्ती करतोय. जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: शनिवार-रविवार टाळा, 18 होलचा (होल म्हणजे चेंडू टाकायचं भोक, आणि तिथवरचा एक टप्पा) आग्रह नसेल तर 9 होलची फी विचारा, क्लबचा अर्धा सेट मिळतो का ते विचारा, आणि नवे चेंडू विकत घेऊ नका. झाडीत हरवलेले चेंडू शोधून विकणारी मंडळी बहुतेक मैदानांजवळ असतात आणि आपल्यासारख्याला तेच पुरतात. कॉलरचा शर्ट मात्र लागतो.

रुपया कोसळल्याचं तुम्ही लिहिलंत ते मला लागलं. 2022 मध्ये त्या देशावर जे आलं, पेट्रोलसाठी मैलभर रांगा, औषधांचा तुटवडा, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत बघितलं. आज आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनहून जास्त रुपये येतात. माझी सहल त्यामुळे परवडली, हे खरंच आहे. पण त्या देशाला तेव्हापासून सगळ्यात जास्त गरज आहे ती बाहेरून येणाऱ्या माणसांची. मी गेलो नसतो तर माझ्या कॅडीला त्या दिवशी काम मिळालं असतंच असं नाही. म्हणून माझं इतकंच म्हणणं आहे की स्वस्त मिळालं तर माणसाच्या मजुरीत घासाघीस करू नये. मैदानाच्या फीत सूट मागा, ते त्यांचं धंद्याचं गणित आहे. कॅडीच्या पैशांत मागू नका.

आता पैसेवाल्यांच्या खेळाचं. इथं मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

बेळगावात बहुतेकांना आपल्या गोल्फ मैदानाचं नाव माहीत झालं ते बिबट्यामुळे. 2022 च्या ऑगस्टमध्ये तो तिथल्या झाडीत शिरला, शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या, शोधायला शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती कॅम्पातून हत्ती आणले. तोवर त्या कुंपणापलीकडे काय आहे हे विचारायचंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझं तसं नाही. माझे वडील माळी होते. मी लहान असताना त्यांची नोकरी दुसऱ्या एका गावच्या छावणीत होती आणि तिथल्या गोल्फ मैदानाचं गवत त्यांच्याकडे होतं. गवत म्हणजे पावसाळ्यात गवत. मार्चनंतर सगळं माळरान. जिथं चेंडू भोकात टाकायचा ती हिरवी जागाही नसायची, तिला ‘ब्राऊन’ म्हणायचे: वाळूत जळकं तेल कालवून, धुम्मसानं चोपून केलेला गोल चौथरा. खेळणारे पुढं गेले की दांड्याला बांधलेलं गोणपाट ओढत त्यांच्या बुटांचे ठसे पुसायचे. ते काम माझं. आत सुरुवात करून गोल गोल बाहेर यायचं, म्हणजे स्वतःच्या पायाचा ठसा मागं राहत नाही. तेलाचा वास आंघोळ करूनही जायचा नाही. पण त्या भोकाचं माप मला तेव्हापासून पाठ आहे, साडेचार इंचांना थोडं कमी. पुढं कारखान्यात गेल्यावर कळलं, 108 मिलीमीटर. जगात कुठंही जा, तेवढंच.

त्या मैदानावर सगळ्यात चांगला खेळ कुणाचा होता माहीत आहे? साहेब लोकांचा नव्हे. कॅडी पोरांचा. सोमवारी मैदान बंद असायचं तेव्हा एका मोडक्या क्लबवर चार-चार पोरं आळीपाळीनं खेळायची, आणि त्यांचे फटके बघायला माझे वडील हातातलं काम थांबवायचे. ही काही एका गावची गोष्ट नाही. अली शेर दिल्लीत कॅडी होता. इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, 1991 मध्ये, आणि 1993 मध्ये पुन्हा. आपल्याच कर्नाटकातला मुनियप्पा बेंगळुरूच्या मैदानावर बॅगा उचलायचा, त्यानं 2009 मध्ये तीच स्पर्धा जिंकली. या खेळावर पैसेवाल्यांनी कुंपण घातलं हे मान्य. पण कुंपणाच्या आत सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबणारा, वारा कुठून येतो आणि उतार कुठं जातो हे ओळखणारा माणूस गरीबच होता. त्याला वगळून ‘हा त्यांचा खेळ’ म्हटलं की आपणच त्यांना खेळ लिहून देतो.

व्हिक्टोरिया मला आवडलं तेही याच कारणानं, आणि मूळ लेखात मी ते नीट सांगितलंच नाही. देखाव्यावरच पानं भरली. देखावा आहेच. तीन बाजूंनी महावेली नदीवरच्या धरणाचं पाणी, मागं नकल्स डोंगराची रांग, बंद मुठीच्या पेरांसारखी. मैदानाची आखणी डोनाल्ड स्टील या इंग्रज वास्तुविशारदाची. त्यानं डोंगरउतार फार कापलेला नाही, आहे तसा खेळात घेतलाय. सकाळी मोर ओरडतात, दहानंतर घामाची धार लागते, दुपारी ढग भरून येतात. पण तिथं मला वेळेची घाई कुणी केली नाही. मी 63 वर्षांचा, सगळं अंतर चालत गेलो, पाच तास लागले. मागून येणाऱ्यांना दोनदा पुढं सोडलं. मोठ्या शहरांतल्या मैदानांवर असं चालू देत नाहीत, गाडीत बसवून पिटाळतात.

माझा कॅडी चाळिशीचा, जवळच्याच गावचा. इंग्रजी त्याचं आणि माझं सारखंच, कामापुरतं. पहिल्या होलनंतर त्यानं माझे फटके बोटांवर सिंहलीत मोजले: “एक, देक, तुन, हतर, पह.” मी थांबलो. म्हटलं, पुन्हा म्हण. पुढच्या होलवर मुद्दाम पुढं मोजायला लावलं: हय, हत, अट. सहा, सात, आठ! आपला ‘स’ त्यांच्याकडं ‘ह’ झालाय, एवढं धरलं की निम्मे आकडे आपलेच. मग मला नादच लागला. डाव्या बाजूला ते ‘वम’ म्हणतात, म्हणजे आपलं वाम. उजवीला ‘दकुण’, म्हणजे दक्षिण. समुद्रापलीकडचा माणूस, आणि दिशा सांगताना संस्कृत शिकवणाऱ्या आमच्या गुरुजींसारखा बोलत होता.

पाण्याच्या अगदी काठावरच्या एका ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरव्या जागेवर, माझा चेंडू भोकापासून चारेक मीटरवर थांबला. जलाशय उजवीकडं. मी उकिडवा बसून बघितलं. माझ्या डोळ्याला जमीन डावीकडं उतरताना दिसत होती, आणि लेव्हलच्या बाबतीत मी माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. कॅडी म्हणाला, “वमट.” डावीकडं मार. मी मान हलवली, नाही. तो काही बोलला नाही, माझ्या शेजारी येऊन बसला, तळहात गवतावर ठेवला आणि हळूच उजवीकडं, पाण्याच्या दिशेनं फिरवला. गवताची पाती त्याच्या हाताखाली सरळ निजली. मग उलट फिरवला, तर पाती उभी राहिली, खरखरीत. मांजराच्या अंगावरून हात फिरवल्यासारखं. त्यानं भोकाच्या डावीकडं दोन वितींवर बोट टेकवलं. मी तिथं मारला. चेंडू आधी सरळ गेला, मग कुणीतरी बोलावल्यासारखा पाण्याकडं वळला आणि आत पडला. माझा डोळा डोंगराच्या मोठ्या उतारानं फसला होता. त्याच्या हाताला खरा उतार ठाऊक होता. वडील असेच बसायचे, तळहात जमिनीवर ठेवून.

या एका गोष्टीसाठी मी ‘स्वस्त’ लिहिलं होतं. शब्द चुकला. ‘दिलेल्या पैशाचं सोनं झालं’ असं म्हणायला हवं होतं.

जमिनीबद्दल तुम्ही विचारलंत, तर तेही सांगतो, कारण ते त्याच काठावर घडलं. पाणी प्यायला थांबलो तेव्हा कॅडीनं जलाशयाच्या मध्यावर बोट दाखवलं आणि म्हणाला, माझ्या आजीचं घर तिथं. जुनं तेलदेणिया गाव. 122 मीटर उंचीचं ते धरण ब्रिटिशांच्या मदतीनं बांधलं, 1985 मध्ये मार्गारेट थॅचर उद्घाटनाला आल्या होत्या, आणि ते गाव पाण्यात गेलं. पाणी फार आटलं की जुन्या इमारती वर येतात, लोक बघायला जातात. मला लगेच आपलं हिडकल धरण आठवलं. घटप्रभेचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं आणि हुक्केरी तालुक्यातले म्हातारे लोक काठावर उभे राहून एकमेकांना आपापली घरं कुठं होती ते दाखवतात. मी त्याला ते सांगितलं. पुढचे दोन होल आम्ही दोघं फारसं बोललो नाही. तुम्ही म्हणता तशी जमीन गेली आहे, खरं आहे. ती विजेसाठी आणि शेतीच्या पाण्यासाठी गेली, गोल्फसाठी नाही. पण काठावर उभं राहून नुसती सुंदर दृश्यं लिहायची आणि खाली काय आहे ते लिहायचं नाही, हे मी केलं. त्याचं मला वाईट वाटतं.

पाण्याच्या नासाडीबद्दल आपलं दुमत नाही, फक्त जागा कोणती ते बघायला हवं. कँडीच्या बाजूला नैऋत्येकडून पाऊस येतो, ईशान्येकडून येतो, आणि दोन्हींच्या मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातही धो-धो पडतो. तिथं गवत वाढवायचं म्हणून वाढवावं लागत नाही, कापावं लागतं. आपल्या जिल्ह्यात एका टोकाला कणकुंबीला कौलं फुटेस्तोवर पाऊस, आणि दुसऱ्या टोकाला अथणीत ढगाकडं डोळे. उद्या कुणी अथणीच्या बाजूला बोअर मारून, टँकर लावून हिरवं गोल्फ मैदान करतो म्हणाला, तर विरोधाच्या अर्जावर तुमच्या सहीखाली माझी सही असेल. मैदान जिथलं तिथल्या पावसावर चालावं. उन्हाळ्यात पिवळं पडलं तर पडू दे. तेलाच्या वाळूवर खेळून लोक शिकले आहेतच.

आणि मराठीचं. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला मी जातो, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालतो, गुडघे दुखतात तरी. पाटीसाठी भांडायचं तेव्हा भांडूच. पण पाटीवरची भाषा घरात, कारखान्यात, मैदानावर, प्रवासात बोलली-लिहिली गेली नाही तर पाटीवर काय राहणार? गवताच्या पात्यांची दिशा मराठीत लिहिताना मला चार वेळा खोडावं लागलं, कारण त्याला तयार शब्दच सापडेना. शेवटी ‘निजलेली पाती’ लिहिलं. तुमच्याकडं खानापूरच्या गवताळ माळावर गुराखी काय म्हणतात, ठाऊक असेल तर कळवा. शब्द मिळाला की लेखात बदलतो.

जायचं ठरवणाऱ्यांनी विचारलंय म्हणून शेवटचं: बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरू, तिथून विमानानं कोलंबो, आणि कोलंबो फोर्ट स्टेशनवरून कँडीची रेल्वे. रेल्वेत उजव्या बाजूची खिडकी धरा. खेळायला सकाळची पहिली वेळ मागा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. माझा मुलगा म्हणतो पुढच्या वेळी मी 9 होलच खेळावं. बघू.