ताई, ड्रेनेजचं काही असेल तर सांगा

आज दुपारी आमच्या भागातल्या एका माननीयांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, संपर्क कार्यालयात गेले होते. सोबत निवेदन आणि १४० सह्या. त्यातल्या निम्म्या आमच्या भिशीतल्या बायकांनी उन्हात दारोदार फिरून गोळा केलेल्या. मागणी एवढीच की महापालिकेच्या मुख्य सभेत ठराव मांडा : अण्वस्त्रं बनवणं, बाळगणं, वापरणं या सगळ्यावरच बंदी घालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या अण्वस्त्रबंदी कराराच्या बाजूनं पुणे शहर आहे आणि भारतानं त्यावर सही करावी.

त्यांनी पहिली ओळ वाचली, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "ताई, ड्रेनेजचं काही असेल तर सांगा. बॉम्बचं दिल्ली बघेल."

घरी येईपर्यंत डोकं तापलं होतं. अजूनही तापलेलंच आहे.

१२ जुलै १९६१. माझी आई नऊ वर्षांची होती, घर नारायण पेठेत. आजीनं भात चुलीवर तसाच सोडला आणि आजोबा आईला खांद्यावर घेऊन पर्वतीकडे पळत सुटले. परत आले तेव्हा भिंत पडलेली आणि पातेल्यात भाताच्या जागी गाळ. पानशेतचं धरण बांधताना नारायण पेठेला कुणी विचारलं नव्हतं. फुटल्यावर पाणी मात्र नारायण पेठेतच शिरलं.

बॉम्बचं वेगळं असतं का? हुकूम राजधानीतून सुटतो, पडतो तो शहरावर. हिरोशिमातही नगरपालिका होती, नळ होते, गटारं होती. ६ ऑगस्ट १९४५ ला तिथले महापौर सेनकिची आवाया त्याच दिवशी गेले. बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका एक तर मेल्या नाहीतर जखमी झाल्या. वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. आणि आपल्याकडे काय आहे? दक्षिण कमांडचं मुख्यालय, लोहगावचा हवाई तळ, खडकीचा दारूगोळा कारखाना. मे २०२५ मध्ये देशभर भोंग्यांची रंगीत तालीम झाली, तेव्हा आपल्या गच्च्यांवर सगळे कसे चिडीचूप उभे होते! तेव्हा नाही कुणी म्हणालं, की हे दिल्लीचं आहे.

मान्य, शेजारी पाकिस्तान आणि चीन आहेत, आणि पालिकेच्या ठरावानं एकही बॉम्ब निकामी होत नाही.

पण २०१७ मध्ये १२२ देशांनी मतदान करून हा करार संमत केला, २२ जानेवारी २०२१ पासून तो अमलात आहे. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी यांनी सही केलेली नाही. तरी लॉस एंजेलिस, पॅरिस आणि बर्लिन या शहरांनी जाहीर सांगितलं, आम्ही कराराच्या बाजूनं. आपलं सरकार ऐकत नसतानाही त्यांनी सांगितलं. इतकं लांब तरी कशाला जायचं? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं, की सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा. एका ग्रामपंचायतीला जे सुचलं, ते पुणे महापालिकेला का सुचू नये? फुल्यांच्या पुण्याला?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या माननीयांच्या दाराबाहेर खरोखरच ड्रेनेज तुंबलेले दहाजण बसले होते. त्यांचं काम आधी व्हायला हवं, यात शंका नाही. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. लोकांचं साचलेलं किती असेल! पण सूचक एक आणि अनुमोदक एक, दोनच माणसं हवी आहेत मला. ड्रेनेजचा विषय झाल्यावर पाच मिनिटं.

सोमवारी सरळ महापालिका भवनात जाऊन नगरसचिव कार्यालयात निवेदन देणार आहे, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलणार नाही. ज्यांना यायचंय त्यांनी अकरा वाजता दारापाशी भेटा. ज्यांची सही राहिलीय त्यांनी रविवारपर्यंत घरी या, संध्याकाळी मी असतेच.

संध्याकाळी आईची सही घेतली. हात थरथरतो आता तिचा, तरी नाव पूर्ण लिहिलं. पत्त्याच्या रकान्यात मात्र तिनं नारायण पेठेतला, त्या पडलेल्या घराचा पत्ता लिहिला. आम्ही कोथरूडला येऊन चाळीस वर्षं झाली. मी तो खोडला नाही.